अर्धा पगार, पुरता हिशेब

कन्नडच्या बसस्थानकावर सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या गाडीला जी गर्दी लोटते, तिच्यात कॉलेजच्या मुलांइतकीच नोकरदार माणसे असतात. कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी हिशेबाच्या कामाला. हतनूर, वेरूळ मागे टाकत साठेक किलोमीटर जायचे आणि दिवेलागणीनंतर तेवढेच परत यायचे. या रोजच्या अप-डाउनमध्ये कधी तरी मनात येते, ‘आठवड्यातले तीनच दिवस गेले तर?’ बहुतेकांच्या बाबतीत हा विचार पुढच्या थांब्यापर्यंतही टिकत नाही. ‘अर्धा पगार कसा परवडेल’ या एका वाक्यात तो निकालात निघतो. काही जण याच्या उलट करतात. मूल आजारी पडते, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन निघते आणि एका रागाच्या दिवशी राजीनामा दिला जातो.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे हिशेब. अर्धवेळ काम परवडते की नाही, हा धाडसाचा किंवा नशिबाचा प्रश्न नाही. वही-पेन घेऊन दोन संध्याकाळी बसले तर तो सुटतो. मात्र त्यासाठी पगाराच्या आकड्याकडे बघणे थांबवून दुसऱ्या तीन आकड्यांकडे बघावे लागते: घरात खरोखर पडणारी तूट, दर महिन्याचा बांधील खर्च आणि शेवटच्या पगारावर मोजले जाणारे हक्क. हे तीनही आकडे या प्रकरणात एक एक करून काढू.

तूट किती पडते?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. आपापल्या घरचे त्या जागी घालावेत. कन्नडला राहणारी, वय ३८, संभाजीनगरच्या एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात १२ वर्षे नोकरी केलेली स्त्री. एकूण पगार २५,००० रुपये, त्यातला मूळ पगार १५,०००. भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० रुपये कापून हातात २३,२०० येतात. महाराष्ट्रात स्त्रियांना महिन्याला २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे दुसरी कपात नाही.

आता नोकरीसाठी होणारा खर्च बाजूला काढू. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. तरी बस आणि पुढची रिक्षा मिळून रोजचे १६० रुपये धरू, चहा-नाश्त्याचे ४०. महिन्याचे २६ दिवस म्हणजे ५,२०० रुपये. शाळा सुटल्यावर मुलाला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकूंना १,५००. एकूण ६,७००. म्हणजे २३,२०० पैकी घरात येतात १६,५००. वेळेचेही मोजू. कार्यालयात साडेआठ तास, येण्याजाण्यात चार, मिळून रोज साडेबारा. महिन्याचे ३२५ तास. तासाला पदरात पडतात सुमारे ५१ रुपये.

हीच स्त्री त्याच कंपनीत आठवड्याचे तीन दिवस जाऊ लागली तर एकूण पगार १२,५०० होईल आणि मूळ पगार ७,५००. निधीचे ९०० कापले जातील. पगार २१,००० रुपयांच्या आत आल्यामुळे ती राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत येईल आणि तिथे पाऊण टक्क्याने सुमारे ९४ रुपये जातील. हातात येतील ११,५०६. प्रवास आणि नाश्ता १३ दिवसांचा, २,६००. काकूंना अर्धे, ७५०. घरात उरतील ८,१५६.

कागदावर पगार १२,५०० रुपयांनी घटला, पण घरातली तूट सुमारे ८,३५० रुपयांची आहे. निर्णय घ्यायचा तो या दुसऱ्या आकड्यावर. प्रवास जितका लांबचा, तितका हा फरक मोठा. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावाहून जाणाऱ्यांसाठी म्हणूनच अर्धवेळाचे गणित संभाजीनगरातच राहणाऱ्यांपेक्षा वेगळे निघते. एक सावधगिरी मात्र ठेवावी. रोज अर्धा दिवस जायचे ठरले तर पगार निम्मा होतो, पण प्रवासाचा खर्च पूर्ण राहतो. लांबून येणाऱ्याने अर्धे दिवस मागू नयेत. पूर्ण दिवस कमी करून मागावेत.

बांधील खर्च आणि अद्रकाचे वावर

तूट कळली की दुसरा आकडा. दर महिन्याला काहीही झाले तरी द्यावाच लागणारा पैसा एका कागदावर लिहावा: घराचा किंवा गाडीचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज, शाळेची फी बाराने भागून, किराणा, दूध, गॅस, वीज, आईवडिलांची औषधे, विम्याचा हप्ता. वर्षातून एकदाच येणारे खर्चही बाराने भागूनच धरावेत. दिवाळी, लग्नकार्यातला आहेर, दुचाकीचा विमा, जूनमधली वह्या-पुस्तके हे सगळे अचानक आल्यासारखे वाटते, पण दरवर्षी येते. हा बांधील खर्च घरातल्या पक्क्या उत्पन्नात बसत असेल, तर अर्धवेळ परवडतो. बसत नसेल तर नाही, मग पगाराचा आकडा कितीही मोठा असो.

इथे कन्नड तालुक्यातल्या घरांत हमखास एक चूक होते. ‘वावर आहे ना’ असे म्हणून शेतीचे उत्पन्न पगाराच्या शेजारी मांडले जाते. या भागातली पिके कपाशी, मका आणि अद्रक. अद्रकाचे बेणे अक्षय तृतीयेच्या सुमारास जमिनीत जाते. पैसा मात्र आठ-नऊ महिन्यांनी येतो आणि भाव पडलेला असेल तर पीक तसेच जमिनीत ठेवून पुढच्या हंगामाची वाट बघितली जाते. बेणे, ठिबक, खते, कंदकुजीवरच्या फवारण्या यांचा खर्च आधी झालेला असतो. २०२३ मध्ये अद्रकाला डोळे दिपवणारा भाव मिळाला. तो पाहून लागवड वाढली आणि पुढे भाव कोसळला तेव्हा बेण्याचे पैसे निघणेही कठीण झाले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली.

याचा अर्थ शेतीचे उत्पन्न धरूच नये असा नाही. गेल्या पाच वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष घ्यावे, त्यातून खर्च वजा करावा, उरेल ते बाराने भागावे आणि तेवढेच धरावे. उणे आले तर शून्य धरावे. चांगल्या वर्षाचा पैसा आला तर त्यातून कर्ज फेडावे, म्हणजे बांधील खर्चच कायमचा कमी होतो. अद्रकाच्या भावावर घराचा हप्ता टाकू नये, हा नियम मी कुणालाही न डगमगता सांगेन. सरकारी योजनांतून येणाऱ्या रकमांनाही तोच नियम लावावा. पीएम-किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला १२,००० रुपये येत असतील तर त्यांनी बी-बियाणे व्हावे. महिन्याचा किराणा त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. कन्नडसह मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत उच्चशिक्षित तरुण घेतलेल्या तासांपुरते मानधन घेऊन वर्षानुवर्षे काम करत आहेत. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. त्यांच्यावर अर्धवेळ लादला गेला आहे, आणि तो अन्याय आहे. पण त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते महिन्याचे उत्पन्न मोजत नाहीत; वर्षभराचे मोजून बाराने भागतात. अर्धवेळ नोकरी शाळेतली किंवा हंगामी जिनिंगमधली असेल तर आपणही तेच करावे.

शेवटच्या पगाराचा सापळा

तिसरा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि सर्वांत महाग पडतो. ग्रॅच्युइटीचे सूत्र १९७२ च्या कायद्याने ठरवले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच ठेवले: शेवटच्या महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. यातला ‘शेवटच्या’ हा शब्द नीट बघावा.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीने आज नोकरी सोडली, तर १५,००० रुपये मूळ पगारावर १२ वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १,०३,८५० रुपये होते. ती तीन दिवसांच्या आठवड्यावर गेली, आणखी सहा वर्षे काम केले आणि मग सोडले, तर हिशेब ७,५०० वर होईल. १८ वर्षांचे सुमारे ७७,९०० रुपये. सहा वर्षे जास्त राबून हाती २६,००० रुपये कमी! पगारवाढ इथे धरलेली नाही, पण तत्त्व तेच राहते. अपंगत्व आल्यामुळे कमी पगारावर काम करावे लागले, तर आधीची वर्षे आधीच्या पगारावर मोजावीत असे कायदा सांगतो. स्वखुशीने वेळ कमी करणाऱ्याला ते संरक्षण नाही.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये, किमान १० वर्षे सेवा झाली की पेन्शनचा हक्क मिळतो. पेन्शन ठरते ती शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनावर: सरासरी गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. १५,००० आणि १२ वर्षे धरली तर वयाच्या ५८ नंतर दरमहा सुमारे २,५७०. पण शेवटची पाच वर्षे ७,५०० वर गेली, तर १८ वर्षांच्या सेवेचेही सुमारे १,९३० च होतात.

यातून एक स्पष्ट नियम निघतो. नोकरीच्या मधल्या वर्षांत घेतलेला अर्धवेळ स्वस्त पडतो, शेवटच्या वर्षांत घेतलेला महाग. मूल लहान असताना चार वर्षे वेळ कमी केला, नंतर पुन्हा पूर्णवेळ आलो आणि शेवटची पाच वर्षे पूर्ण पगार घेतला, तर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन दोन्ही जवळपास शाबूत राहतात. निवृत्तीच्या तोंडावर ‘आता जरा निवांत’ म्हणून तीन दिवसांवर येणाऱ्याने मात्र आधी ग्रॅच्युइटीचा हिशेब मालकाकडून लेखी घ्यावा. कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारात घालायला कुणाची हरकत नसते. ‘आजपर्यंतची सेवा आजच्या वेतनावर मोजली जाईल’ एवढे एक वाक्य पत्रात आले, तरी सापळा टळतो.

गावातलीच अर्धवेळ नोकरी

दुसरा पर्याय गावातच असतो. समजा, कन्नडमधल्या कर सल्लागाराच्या कार्यालयात याच स्त्रीला रोज साडेचार तासांचे काम १०,००० रुपयांवर मिळाले. प्रवास नाही, पेट्रोलचे ३०० रुपये सोडले तर ९,७०० उरतात. महिन्याचे ११७ तास, तासाला सुमारे ८३ रुपये. तूट ६,८०० ची. वरवर पाहता हाच पर्याय सरस आहे.

पण इथे माणसे मोजावीत. कार्यालयात काम करणारी माणसे! भविष्यनिर्वाह निधीचा कायदा २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागू होतो. ईएसआयसी आणि ग्रॅच्युइटी १० किंवा अधिक असलेल्या ठिकाणी. तालुक्याच्या गावातली कृषी सेवा केंद्रे, औषधांची दुकाने, वकिलांची आणि सल्लागारांची कार्यालये बहुधा तीन-चार माणसांवर चालतात. तिथे हातात येईल तोच पगार. मागून काही येत नाही. कंपनीत तीन दिवस जाणाऱ्या स्त्रीसाठी मालक निधी आणि पेन्शनपोटी ९००, ईएसआयसीपोटी सुमारे ४०० आणि वाढत्या ग्रॅच्युइटीपोटी ३६० रुपये, असे महिन्याला साडेसोळाशेच्या वर भरत असतो. तिचे स्वतःचे ९०० साठतात ते वेगळेच. हे सगळे मिळवले तर कंपनीची नोकरी साधारण १०,७०० ला पडते, गावातली ९,७०० ला.

मग गावातली नोकरी वाईट का? तसे नाही. कंपनी सोडताना पूर्ण पगारावरची १,०३,८५० ची ग्रॅच्युइटी हातात येते आणि ती ३० दिवसांत मिळाली पाहिजे असा कायदा आहे. तीन दिवसांच्या कंपनीतल्या नोकरीपेक्षा महिन्याचे ४५ तास वाचतात, तेही बसमधले. पण हा पर्याय निवडणाऱ्याने चार कामे त्याच महिन्यात करावीत. निधीचे पैसे काढून खर्च करू नयेत. १२ वर्षांच्या सेवेवर मिळालेला पेन्शनचा हक्क जपावा. मालक भरत होता ते आता स्वतः भरावे: ४० वर्षांच्या आत असाल आणि आयकर भरत नसाल तर अटल पेन्शन योजना, शिवाय टपाल कार्यालयातले किंवा बँकेतले पीपीएफ खाते. आणि आजारपणाची सोय पाहावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच मिळते, म्हणून आपल्या जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे हे आजारी पडण्याआधी पाहून ठेवावे.

ईएसआयसीत राहणाऱ्यांसाठी एक बारकावा. आजारपणातल्या रजेचा ७० टक्के भत्ता हवा असेल, तर एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचे वेतन मिळालेले असावे लागते. आठवड्याला तीन दिवस आणि २६ आठवडे म्हणजे बरोबर ७८. एक दिवस बिनपगारी गेला की हक्क धोक्यात. एका आठवड्याला तीन, पुढच्याला चार असे सरासरी साडेतीन दिवस ठरवून घेतले तर जीव भांड्यात पडतो.

मागायचे कसे

नेदरलँड्समध्ये २००० पासून, जर्मनीत २००१ पासून, नोकरदाराला कामाचे तास कमी करून मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि सबळ कारणाशिवाय मालकाला तो नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९४ मध्ये अर्धवेळ कामगारांच्या समान संरक्षणाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे खासगी नोकरीत असा हक्क नाही, म्हणून सगळे बोलण्यावर आणि लिहून घेण्यावर आहे.

साहेबांकडे जाताना आपली अडचण सांगू नये. कामाची वाटणी सांगावी. कोणते काम तीन दिवसांत पूर्ण होईल, कोणते दुसऱ्याकडे जाईल, महिनाअखेरच्या बंद-हिशेबाच्या दिवसांत मी हजर असेन, असे एका पानावर मांडावे. होकार आला की पत्रात चार गोष्टी हव्यात: कामाचे दिवस, निधी आणि विमा चालू राहील, सेवा अखंड धरली जाईल आणि अमुक तारखेनंतर पूर्णवेळ परत येता येईल. तीन दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे १५६ च दिवस भरतात. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातले २४० दिवस दाखवून पुढे कुणी वाद काढू नये, म्हणून ‘सेवा अखंड’ हे शब्द हवेतच.

सहा महिने आधी जगून पाहा

इतके सगळे मांडूनही मनात धाकधूक राहतेच. तिच्यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. साहेबांशी बोलण्याआधी सहा महिने घर अर्ध्या पगारावर चालवावे. आपल्या उदाहरणातली तूट ८,३५० ची. पगार झाला त्याच दिवशी ही रक्कम दुसऱ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकावी आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घेऊच नये. या सहा महिन्यांत एक सण आणि एक शाळेची फी आली पाहिजे, नाहीतर परीक्षा सोपी होते. दर महिन्याला कुठे अडले ते वहीत लिहावे. सहा महिने रक्कम न मोडता निघाले तर अर्धवेळ परवडतो हे सिद्ध झाले, आणि ५०,००० रुपयांची गंगाजळीही हाताशी आली. तिसऱ्याच महिन्यात रक्कम मोडावी लागली, तर नोकरी शाबूत असतानाच उत्तर कळले. आधी कर्ज फेडावे, मग पुन्हा पाहावे.

शेवटी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मिळून बोलायची आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयाच्या ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचे त्यात रोज सरासरी ३०५ मिनिटे जातात. मुला-माणसांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १४० मिनिटे जातात, पुरुषांची ७४. त्यामुळे ‘कुणी तरी घरी थांबायला हवे’ म्हटले की त्या ‘कुणी तरी’चा अर्थ न विचारताच ठरून जातो. वर मांडलेला हिशेब नवऱ्याच्या पगारावरही करून पाहावा. कुणाची तूट कमी, कुणाचा शेवटचा पगार दूर, कुणाला परत पूर्णवेळ येणे सोपे, हे पाहून ठरवावे. पुष्कळ घरांत उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे येईल. बाईने वेळ कमी केला तर महिन्याच्या वाचलेल्या १६२ किंवा २०८ तासांतले काही तिच्या स्वतःच्या नावावर राहतील, हेही त्याच बैठकीत ठरवावे. नाहीतर पगार अर्धा होतो आणि काम मात्र पूर्णवेळ राहते.

अर्धवेळ हा श्रीमंतांचा चोचला नाही आणि गरिबांना बंद असलेले दारही नाही. ज्या घराचे कर्ज कमी आहे, बांधील खर्च पक्क्या उत्पन्नात बसतो आणि सेवेची शेवटची वर्षे अजून दूर आहेत, त्या घराने संकोच न करता तो मागावा. ज्या घराला यातले एकही लागू नाही, त्याने अजून दोन वर्षे थांबून आधी कर्ज उतरवावे. येत्या पगाराच्या दिवशी वही उघडा, आपली खरी तूट काढा आणि तेवढी रक्कम बाजूला टाका. पुढचा निर्णय सहा महिन्यांनी आकडेच सांगतील.